ब्रेक आणि कवितेची एक ओळ

रविवार, दिवेलागणीला. शिरूर

आज गाडीच्या ब्रेकमधली हवा काढली. काढली म्हणजे, दोनदा काढावी लागली. चूक माझीच.

या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकामागचा नट सैल करून हवा सोडायची अन् परत आवळायचा. ही जुनी गाडी घेतली तेव्हापासून दाबणारा पाय आमच्या हिचाच, बायकोचा. मी खालून शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हणायचो. ओळ संपेपर्यंत ही पाय हलवायची नाही. आता हिचे गुडघे गेले, म्हणून सूनबाई बसली.

"आबा, किती वेळ धरू?"

"एक ओळ."

"म्हंजी किती?"

ओट्यावरून ही हसली. "त्यांचं गाणं थांबलं की सोड गं."

मी म्हणत सुटलो. अख्खी कविता म्हटली आणि वरच्या डबीत ब्रेकऑइल घालायचंच विसरलो! डबी रिकामी, हवा परत आत.

मुलगा म्हणाला, "आबा, विका आता. ब्रेक हाय हा, खेळ न्हाई."

खरंच आहे. उद्या हिला वडगावला भावाकडे न्यायचंय. माझा भरवसा धरावा का हिनं?

दुसऱ्यांदा डबी भरून, कविता न म्हणता, नुसतं "दाब", "सोड" सांगत केलं. ब्रेक कडक लागला, तरी मन धजेना. तेवढ्यात ही काठी टेकत आली, शेजारी बसली. "चला, गल्लीत एक चक्कर."

कोपऱ्यावर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पाहतो तर हिचाही पाय खाली घट्ट दाबलेला, ओठ हलत होते. ओळ संपली, मग तिनं पाय उचलला.