विहिरीवर सापडलेले रोमन नाणे माझेच असल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, दौंड, जि. पुणे.

विषय : जाईबाई सोनवणे यांच्या विहिरीवर सापडलेले रोमन नाणे अर्जदाराचेच असल्याने खोदाईवरील बंदी उठविणेबाबत.

संदर्भ : खोदाई थांबविण्याचा आपला आदेश, दि. १० मार्च २०२५.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी हौसराव शितोळे, रा. वरवंड, कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टवर असतो. गेली नऊ वर्षे रोमन बादशहांची काशाची नाणी जमवतो. नावच हौसराव, म्हणून घरचे फार बोलत नाहीत. ही नाणी मी परदेशातून पोस्टाने मागवतो. आमच्या शिवारात ती निघत नाहीत, हे प्रथम नमूद करतो.

दि. २ मार्च रोजी शेजारीण जाईबाई यांच्या मंजूर विहिरीवर पोकलेन चालू असताना मी बघायला गेलो होतो. शर्टाच्या खिशात कॉन्स्टंटाइन बादशहाचे नाणे होते. वाकलो तेव्हा ते मुरमाच्या ढिगात पडले असावे. एका मजुराला ते सापडले आणि त्याने चारचौघांत माझ्याच हातात दिले, कारण गावात असल्या वस्तूंतले मलाच कळते. बादशहाच्या मानेजवळची खाच बघताच मी ओळखले. त्या वेळी "माझं हाय" एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "सतराशे वर्षांचं जुनं हाय." तेही खोटे नव्हते, म्हणून जीभ अडखळली नाही.

पुढे प्रकरण हाताबाहेर गेले असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. ग्रामसभेत मी शाल-श्रीफळ घेतले. पाऊण तास भाषण केले. रोमन व्यापारी भीमेच्या काठाने येऊन आपल्या गावी मुक्काम करीत, असेही ठोकून दिले. 'रोमनकालीन वरवंड' अशी कमान उभारायचे ठरले, तिचा मजकूर मीच लिहून दिला व शुद्धलेखनही तपासले. नऊ वर्षांत माझ्या नाण्यांकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. त्या दिवशी लोक ऐकत होते आणि मला ते सोडवेना. याची मला फार लाज वाटते.

पुढे नाणे आपल्या कार्यालयात जमा झाले आणि आपल्या आदेशाने विहीर बावीस फुटांवर थांबली आहे. तळाला ओल लागली होती. पावसाळ्यापूर्वी बांधून न काढल्यास कच्चा खड्डा ढासळेल. जाईबाई साठीच्या असून एकट्या आहेत. दोन म्हशींचे पाणी त्या अर्ध्या किलोमीटरवरून डोक्यावर आणतात, तेही माझ्या दारावरून. त्या दिसल्या की मी घरात जातो.

सोमवारी त्या स्वतःच कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "आप्पा, तुम्हाला जुन्या गोष्टीतलं कळतं. सायबाला पटंल असं लिवून द्या, मी अंगठा देते." तोच हा कागद आहे.

तरी खोदाईस तात्काळ परवानगी द्यावी, नाणे सरकारजमा ठेवावे व माझ्यावर योग्य ती कारवाई करावी, ही विनंती.

अर्ज पूर्ण झाल्यावर जाईबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग शाईचा पॅड बाजूला सारून म्हणाल्या, "ह्याच्यावर माझा अंगठा कशाला? तुमचीच सही करा."

म्हणून खाली सही माझी आहे.

आपला नम्र व ओशाळलेला,
(सही)
हौसराव बबनराव शितोळे
दि. २३ एप्रिल २०२५

सोबत : नाणे खरेदीच्या वेळचा फोटो व पोस्टाची पावती.