अजमोदा आणि हाताचा गुण

आत्याबाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर सूड उगवायला बसले आहे. गुडघे दुखतात, पण मन कसं खुशीत आहे. सकाळपासून तिघीजणी पोटाची पूड न्यायला आल्या. तिसरी म्हणाली, "आजी, तुमच्या हाताला लय गुण हाय." ऐकलंत का? माझ्या हाताला!

दुष्काळाच्या साली औंधाकडून कुंडलला तुमची सून होऊन आले. तुमच्याकडं ऊस, विहिरीला पाणी, आणि पोटातल्या वायगोळ्यावरची तुमची नावाजलेली पूड. ओवा, शेपा, सुंठ, काळं मीठ, सगळं खलबत्त्यात मीच कुटायचे. मग तुम्ही माझ्याकडं पाठ करून त्या लहान पितळी डब्यातलं काहीतरी मुठीत घ्यायचात आणि त्यात टाकायचात. विचारलं की, "नाव सांगितलं तर औषधाचा गुण जातो." मी मानलं. माझ्या माहेरीही तसंच मानतात. माहेरी आमची शेळ्यामेंढ्यांची औषधंच जास्त, ते असो.

तुम्ही यमाईच्या दर्शनाला गेला होतात तेव्हा शेजारची पोट धरून आली. मी पाहिलं होतं तेवढं कुटून दिलं. तिला उतार पडेना. तुम्ही परत आलात आणि ओट्यावर साऱ्या बायकांसमोर म्हणालात, "दुष्काळी मुलखातली ती. शेरडांना पाला घालावा तिनं. हिच्या हाताला गुण न्हाई." बायका हसल्या. त्यानंतर पाच वर्षं माझ्या हातून कुणी साधं हळदीचं बोटसुद्धा जखमेला लावून घेतलं नाही. माझ्या पोरालाही दृष्ट लागली की तुमच्याकडंच न्यायचे. हे मी विसरले नाही.

मग तुमची चूक झाली. वन्सं माहेरपणाला आलेल्या, त्यांच्याकडून तुम्ही चिठ्ठी लिहून घेतलीत आणि मला सांगलीला धाडलंत. "दुकानदाराला दे. तुला काय वाचायला येतंय म्हणा!" दुसरी शिकले होते मी, आत्याबाई. तुम्ही कधी विचारलंच नाही. एसटीत खिडकीशी बसून चिठ्ठी उघडते, एकेक अक्षर बोटानं धरते. अ. ज. मो. दा. तासगाव येईपर्यंत चार वेळा वाचलं. म्हणजे नाव वन्संना ठाऊक होतं, कागदावर होतं, दुकानदारालाही कळणार होतं, आणि गुण कुठं गेला नव्हता! दुकानात पाहिलं, ओव्यासारखंच, पण बारीक दाणा. तुमचा पुडा घेतला आणि मूठभर माझ्यासाठी, पदराच्या गाठीत.

त्या थंडीत तुमचंच पोट फुगलं, कुटायला उठवेना; तोवर वन्सं तुमच्याच कृतीनं पूड कुटून सासरहून धाडायला लागल्या होत्या. तुम्ही कण्हत होतात, "माझ्या लेकीनं धाडलेली पूड दे. तुझ्या हातची नगं." वन्संनी धाडलेली पुडी तर संपलेली. मी माझी कुटली, अजमोदा घालून, आणि त्यांच्याच कागदात बांधून आणली. कोमट पाण्याबरोबर घेतलीत. घटकाभरात ढेकर आला, उठून बसलात. "बघ, ह्याला म्हणत्यात हाताचा गुण!"

"व्हय आत्या," मी म्हणाले, आणि चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

शेवटपर्यंत तुम्ही माझीच पूड खाल्लीत आणि लेकीचं नाव घेतलंत. दरवेळी सांगावंसं वाटायचं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही पोट दुखत असतानाही थुंकून टाकली असतीत. आज सांगते. तो गुण माझ्या हाताचा होता.

हे पत्र कुठं धाडणार? आणि तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं! एक मात्र कबूल करते. काल सुनेनं विचारलं, "आई, ह्यात शेवटी काय घालता?" तुमचा तो पितळी डबा माझ्या हातात होता. मी तिच्याकडं पाठ केली आणि म्हणाले, "नाव सांगितलं की गुण जातो."

रात्रभर ती पाठ मलाच दिसत राहिली. आता हा कागद घडी करून त्याच डब्यात, अजमोद्यावर ठेवते. डबा फळीवर आहे, तिच्या हाताला येईल असा. आणि तिला वाचता येतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.