चटईखालची फळी

३ जून १९८५, सोमवार

बापाचं काम मुलीने तपासावं का? आज तपासलं!

तहसील ऑफिसची पुराची बोट वर्षभर आवारात ट्रेलरवर उभी असते. पावसाळ्याआधी बोट, ट्रेलर, दोर सगळं पाहून कागदावर सही करायची. यंदा ते काम मला दिलं — नोकरीला जेमतेम तीन महिने झालेत. बोट ज्या दोन लांब फळ्यांवर टेकते, त्या मागच्या साली ऑफिसच्या सुतारकामात बाबांनीच बसवल्या. वर काथ्याची चटई, छान ताणून ठोकलेली. मी नुसता हात फिरवला. ‘फळ्या सागवानी, ठीक’ लिहिलं, सही केली. घरातली पहिली पदवी माझी, आणि तपासणीची पहिली सही बाबांच्या कामावर! घरी सांगितलं तर ते उठून करवतीला धार लावायला बसले. मला वाटलं, लाजले.

५ जून, बुधवार

ड्रायव्हर दत्तात्रयभाऊ ट्रेलर बोरगावपर्यंत फिरवून आले. म्हणाले, बोट उजवीकडे कलून राहिली.

चटईची कड उचलली. फळीला स्क्रूचा पेचकस टेकवला — अर्धा आत गेला, पिकल्या पपईत जावा तसा. सागवान कुठलं! सालई. बाबा संत्र्याच्या पेट्या करतात तेच मऊ लाकूड. आणि खिळेही पेटीचेच. फळी दबली, खिळे वर आले.

संध्याकाळी बाबांना विचारलं. रंधा पुसायला घेतला. मग म्हणाले, सागवान वेळेवर भेटलं नाही, पावसाळा सरला की बदलतो असं ठरवलं होतं, राहून गेलं. “पेटी त सालईचीच असते नं. नागपूरपर्यंत एक संत्रं दबत नाही माह्या पेटीत.”

मी म्हटलं, बोटीत संत्री बसतात का?

“ग्रॅज्युएट झाली तू,” म्हणाले. बस्स.

६ जून

बाबा जेवले नाहीत. मीही.

७ जून, शुक्रवार

माझ्या लग्नाच्या पलंगासाठी माळ्यावर सागवान ठेवलं होतं. बाबांनी ते उतरवलं, रंधलं, ऑफिसात आणलं. खिळे नाहीत, बोल्ट. दहा जणांनी बोट उचलून धरली तेव्हा मला तिचं पोट दिसलं. खिळ्याने पत्र्यात वीतभर चर पाडलेला! नख अडकतं.

हेडक्लार्क, बडे बाबू केशवरावांना दाखवलं. ते म्हणाले, रंग मारून टाका. पत्रा जोडायला बोट छिंदवाड्याला पाठवायची तर कारण लिहावं लागेल. “बाई, कागदावर ठीक होतं, आता गाडीवरही ठीक झालं. कारण म्हणून कोणाचं नाव लिहिता तुम्ही? बापाचं?”

बाबा तिथेच होते, हातात पाना. ऐकलं त्यांनी. माझ्याकडे पाहिलं नाही. चटई मात्र ठोकली नाही यंदा.

९ जून, रविवार

ढग भरून आलेत. कन्हानला पूर आला की या बोटीत बारा माणसं बसतात. रंगाखाली तो चर तसाच राहील.

आईचं एकच — यानंतर बाबांना ऑफिसचं काम कोण देईल? खरं आहे.

भिंतीवर माझी पदवी आहे. चौकट बाबांची, सागवानी, खरीखुरी. आल्यागेल्याला ते माझं नाव नाही दाखवत. त्याखालची स्वतःच्या नावाची ओळ दाखवतात — आत्मजा श्री दादाराव.

१० जून, सोमवार

साडेदहाला अर्ज दिला. त्यात लिहिलं — चटई न उचलता मी सही केली. फळ्या सालईच्या होत्या. पत्रा चिरला आहे. आवक नंबर पडला, आता परत घेता येत नाही. दुपारी बोट छिंदवाड्याला निघाली.

बसवणाऱ्याचं नाव लिहिलं. भिंतीवर आहे तसंच — श्री दादाराव.