एलेनच्या दगडावरचं पीठ

८ जून
खोली मिळाली. चॅपलला लागूनच, मिस ग्वेन यांच्या घरात, वरची. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. गुडघा थकलाय, जीभ नाही. माझे बूट बघून म्हणाल्या, "तू चिखलातून आलीस की चिखल तुला घेऊन आला?" दिवसभर प्रोजेक्टसाठी खाडीतल्या गाळाचे नमुने घेत होते. बूट दाराबाहेर काढून ठेवले.
गाव म्हणजे एक रस्ता, एक धक्का, चॅपल, वीसेक घरं. पार्सिपनीत मावशीकडे राहताना वाटलं नव्हतं की न्यू जर्सीत असंही काही असेल. वेल्समधल्या खाडीकाठच्या एका खेड्यातून लोक आले आणि इथेही त्यांनी खाडीच शोधली.
संध्याकाळी भरती. नदी उलटी वाहायला लागली. यंत्रावर रोज भरतीचे आकडे बघते मी. धक्क्यावर उभी होते, नकळत दोन पावलं मागे सरकले.

१० जून
सकाळी मिस ग्वेन (इथे नुसतं ग्वे.) यांच्यासोबत किनाऱ्यावर. घोड्याच्या नालेसारखे ते खेकडे, लाटेने उताणे टाकलेले. त्या रोज एकेक सुलटा करतात. "शेपटीला नाही, कडेला धर. माणसांच्या आधीपासून आहेत हे. सरळ व्हायला अजून शिकले नाहीत."
मग चॅपल. मागची थडगी सगळी स्लेटची, पाटीच्या दगडाची. वेल्सहून येताना जहाज हलकं पडून उलटू नये म्हणून तळाशी दगड भरत, तेच हे. समुद्रभर जिवंतांना सांभाळलं, मग मेलेल्यांची नावं धरून उभे राहिले. 
म्हटलं, सगळ्यांवरची नावं मी उतरवून देते. ग्वे. हरखल्या. "एलेन सापडली तर आधी मला सांग." एलेन म्हणजे त्यांची खापरपणजी. धक्क्यावरून पलीकडे होडीने माणसं ने-आण करायची, असं घरात सांगत आले. कागदावर परवाना नवऱ्याचा. त्यामुळे कोणी खरं मानत नाही, गावात चेष्टा: "झाली ग्वेनची एलेन सुरू!" त्या हसून सांगतात. पण ते हसू अर्धंच होतं.

१३ जून
एक सोडून सगळे दगड झाले. एलेन नाही. उरलेला एक कुंपणभिंतीच्या बाहेर, दलदलीकडे. कोरा. नीट बघितलं तर काहीतरी आहे, पण वाचता येत नाही.
भिंतीबाहेर का? विचारायचं धाडस नाही झालं. वेशीबाहेर कोणाला ठेवतात, हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही.

१४ जून
डब्यातलं तांदळाचं पीठ नेलं. भुरभुरवलं, तळहाताने पुसलं. खाचांत पांढरं राहिलं.
एक होडी. तिच्याखाली नाव: एलेन.
गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा वाचलं. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी घरीच होते. आई परातीत पीठ पसरून अक्षरं काढून घ्यायची. पहिल्यांदा माझंच नाव वाचता आलं तेव्हाही असंच केलं होतं. एवढा काळ ही बाई इथे होती आणि…
आडनाव दिसत नाही. नावाच्या खालचा भाग अस्पष्ट, त्याखाली गवत आणि माती. एलेन नावाच्या बायका तेव्हा घरोघर असणार.
ग्वे. डॉक्टरकडे गेल्यात. उद्या सांगते.

१५ जून
सांगितलं नाही.
फोटो कसा काढावा म्हणून वाचायला बसले. सगळीकडे एकच: पीठ कधीही लावू नका. बारीक भेगांत बसतं, ओलं होऊन फुगतं, बुरशी धरते, स्लेटचे पापुद्रे सुटतात.
दोन बादल्या साधं पाणी ओतलं. नाव अजून पांढरं. मुंग्या आल्यात.

१६ जून
मावशीचा फोन. सगळं सांगितलं.
"अगं, दगड आहे तो, थालीपीठ नव्हे! पावसात जाईल धुऊन."
"मावशी, त्यांना सांगायला हवं."
"सांग की, सापडली म्हणून. पिठाचं कशाला? व्हिसावर आहेस तू. कुणी तक्रार केली म्हणजे?"
ते डोक्यात आलंच नव्हतं. आता जात नाही. 
पण नाव कसं वाचलं हे लपवून नाव सांगायचं, म्हणजे अर्धं खोटंच. आईचा नियम: ज्याचं नुकसान केलंस, त्यालाच आधी सांग. आईला फोन केला नाही. काय म्हणेल ते माहीत आहे.

१८ जून
नाश्त्याच्या वेळी सांगितलं. एका दमात, पीठ आधी, नाव नंतर.
ग्वे.नी कप खाली ठेवला. "कसलं पीठ?"
"तांदळाचं."
"ज्याची तू ती भाकरी करतेस?"
"हो."
"म्हणजे माझ्या खापरपणजीच्या तोंडाला पीठ फासलंस." हसल्या नाहीत.  मी खोली सोडते म्हटलं.
"रागावलेय मी. रागावू दे. तोवर न्हाणीघरातला आरसा काढ."
चॅपलला वळसा घालून दगडापर्यंत थांबत थांबत चालल्या. मला आरसा तिरका धरायला लावला, दगडाच्या कडेने ऊन पडेल असा. आणि कोरा दगड भरून आला! होडीच्या वल्ह्यापर्यंत सगळं. नावाखाली वेल्शमध्ये एक ओळ. ग्वे.ना प्रार्थनेपुरती वेल्श येते. बोटाने हवेत वाचलं, दगडाला हात न लावता: "हिने सर्वांना पार नेलं."
ओळ बघायला मी वाकले आणि आरसा कलला. त्या ओरडल्या, "धर नीट, पोरी!" 
परतताना भिंतीचं विचारलं. म्हणाल्या, पहिली भिंत खाडीने नेली, दुसरी आत बांधली, दगड बाहेर राहिला. मला ते खरं असावंसं वाटतं.

२ जुलै
जुन्या दगडांचे जाणकार येऊन गेले. भिंगातून बघितलं, मला रागावले नाहीत. त्याने जास्त लाजले.
"नुकसान झालं का, आत्ता नाही सांगता येणार. एक हिवाळा जाऊ दे. भेगांतलं पाणी गोठलं की कळेल."
ग्वे.नी मातीखालच्या ओळीचं विचारलं. आडनाव असेल तर तिथेच.
"वसंतापर्यंत हात लावू नका. खालची बाजू ओली आहे, मोकळी केली तर सुटू शकते."
त्यांची गाडी वळेपर्यंत ग्वे. हात हलवत होत्या. मग शेडमधून खुरपं घेऊन आल्या.
"वसंत तुझा. माझा कशावरून?"
मी म्हटलं, मिस ग्वेन, मी एकदा घाई केली आहे.
"म्हणूनच तुला विचारतेय. नाहीतर एकटीच गेले असते."
हे लिहायला वर आले, त्यांच्याकडून पाच मिनिटांची मुदत घेऊन. खाली पायरीवर त्या बूट चढवतायत. एकाची नाडी गुडघ्यामुळे बांधता येत नाही, त्यासाठी मला हाक मारतायत.