नाण्यावरच्या रेघा

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळताना तू स्वतःच्या विसरत असणार, हे मात्र तू न लिहिताही कळतं.

एक काम आहे, लगेच नाही म्हणू नकोस. परवा कारखान्यात एका डायला, म्हणजे ठशाला, पॉलिश करताना घासायचा कागद जास्त खरखरीत लागला आणि डायवर बारीक ओरखडे राहिले. त्या डायखालून निघालेल्या प्रत्येक चकतीवर त्यांच्या रेघा उठून आल्या. मी मशीन बंद करून बाकावर बसून राहिलो. अण्णांचं चांदीचं नाणं आठवलं, नऊ वर्षांचा असताना मी घासून बिघडवलं म्हणून कबूल केलं होतं ते. नाणं घासलं असेल तर रेघा आत गेलेल्या असणार. टाकसाळीतल्या ठशाच्या असतील तर उठलेल्या असणार. पुढे अण्णांनी ते ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवलं, त्या संस्थेने लेबलावर 'साफ केलेले' लिहिलं आणि डबीत बंद केलं. त्यांनी किती निरखून पाहिलं, कोण जाणे. दुसऱ्या संस्थेकडून तपासून घेऊ. अण्णांना विचारशील?

तुझी माया आहेच, ती या कामालाही लाव.
तुझा धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे कशाला उकरून काढतोस? अण्णा पंच्याऐंशीचे झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती तशीच राहू दे. ते अजून दर रविवारी पलंगावर घोंगडी पसरून नाण्यांचा ट्रे काढतात. ज्याला नाणं हातात द्यायचं त्याला आधी "हात धुऊन ये" म्हणतात. त्या दिवसानंतर तुला ते एकदाही तसं म्हणाले नाहीत, हे मी विसरलेले नाही. पण आता दुसऱ्या संस्थेचा नवा दाखला आला म्हणून काय बदलणार आहे?

रागावू नकोस. जेवणाकडे लक्ष दे.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. मागच्या खेपेला माझी लेक हात धुऊन अण्णांशेजारी बसली आणि तिने मला विचारलं, बाबा, तुम्ही का नाही येत? मी म्हटलं, माझ्या हातांचं ग्रीस निघत नाही. ती हसली. मला हसू आलं नाही. मला नाणं नको आहे, ताई. अण्णा आहेत तोवर एकदा त्या घोंगडीवर बसायचं आहे.

एवढं ऐक, मग पुन्हा काही मागणार नाही.
तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नाणं डबीसकट पाठवलं. निकाल तुझ्या पत्त्यावर येईल. अण्णांनी काही न विचारता सही केली.

निकाल येण्याआधी मला लिहिलंच पाहिजे. ते नाणं मी घासलं होतं. बारा वर्षांची होते. अण्णांना चकाकतं नाणं दाखवून खूश करावं म्हणून दंतमंजन लावून फ्रॉकने घासलं. ते ओरडले तेव्हा तू पुढे झालास आणि मी दाराआड उभी राहिले. आजपर्यंत तिथेच उभी आहे. तू का पुढे झालास, हे विचारायचीही मला लाज वाटली.

माझ्यावर रागावलास तर तो तुझा हक्क आहे.
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या फ्रॉकवर मंजन सांडलेलं मी पाहिलं होतं. तू थरथरत होतीस, म्हणून मी बोललो. मला वाटलं, अण्णा दोन दिवसांत विसरतील. ते विसरले नाहीत, यात तुझा काय दोष?

निकाल आला. जुनी डबी फोडून त्यांनी नाणं मोठ्या भिंगाखाली पाहिलं. सगळ्या रेघा उठलेल्या आहेत, ठशाच्या. ते नाणं कुणीच कधी घासलेलं नाही. आता ट्रेमधल्या शेजारच्या कप्प्यातलं, त्याच सालचं साधं नाणं बघ. तू घासलंस ते बहुधा तेच असेल. अण्णांनी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंही नसेल.

अण्णांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. आता तरी दाराआडून बाहेर ये.
तुझा धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईने सगळं सांगितलं. रडली, मग शेजारच्या कप्प्यातलं नाणं माझ्या हातात दिलं. तेच घासलेलं आहे. बोटालाही गुळगुळीत लागतं.

भिंग माझ्या घरात होतं. मी रागाच्या भरात एकदा पाहिलं आणि तू कबूल केलंस म्हणून पुन्हा पाहिलं नाही. नाण्याची परीक्षा दोनदा करून घेतली, मुलाची एकदाच केली. चूक माझी. आता मला भिंगातूनही इतकं बारीक दिसत नाही. त्या रेघा तुलाच बघून मला सांगाव्या लागतील.

रविवारी ये. हात धुऊन ये. ग्रीस राहिलं तरी चालेल.

अण्णा