बिनकुत्र्याचा विद्यार्थी

३ फेब्रुवारी, सोमवार

पाचवं इंजेक्शन झालं. शेवटचं! नर्स म्हणाली, "सुटलात बुवा." मी कुठला सुटतोय.

दवाखान्यातून थेट कामावर. चार आठवड्यांनी खांद्याला पिशवी, हातात रीडिंगचं मशीन. पहिल्याच फाटकाच्या कडीला हात लावला आणि आतून कुत्रं भुंकलं. आवाजावरून मांजराएवढं असेल. पण पोटरी अशी ठणकली, जणू दात अजून आतच आहेत. हात मागे घेतला. मशीनवर टाकलं — 'घर बंद'. घर सताड उघडं होतं. खिडकीतून एक आजी माझ्याकडे बघत होत्या.

अशी अकरा घरं 'बंद' केली. बावीस वर्षं विजेचे मीटर वाचतोय, आजवर एक खोटी नोंद नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी बोलावलं. "तुमच्या भागातले लोक एकदम गावाला गेले का हो?" दीड महिन्यात पूर्वीसारखे फिरायला लागा, नाहीतर आत बसून कागदांचे गठ्ठे लावा म्हणाले. साहेब वाईट नाहीत. पण मी आत बसणारा माणूस नाही! कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा बुटांच्या कपाटामागे, कुठल्या काकू न विचारता पाणी आणून देतात, कुणाकडे बाळ आलंय — सगळं माझ्या पायांना पाठ आहे. ते गठ्ठ्यांना काय सांगू?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोने औषधाच्या दुकानातून एक कागद आणला. कुत्र्यांना व मालकांना शिस्त, शनिवार-रविवार सकाळी सात, लाकडाच्या वखारीमागचं पटांगण.

"अगं, आपल्याकडे कुत्रं कुठाय?"

"भीती आहे ना? ती घेऊन जा."

रागच आला. कागद मात्र खिशात ठेवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

गेलो!

पटांगण म्हणजे मोकळी जागा, तारेचं कुंपण, भुशाचा वास. आठ-दहा कुत्री आणि तेवढीच ओढली जाणारी माणसं. गोंधळ असा की कानांवर हात ठेवून पळावंसं वाटलं. मी कुंपणाबाहेरच उभा.

मध्ये एक बाई. साठीच्या आसपास, केस बारीक कापलेले, पायात जाड बूट. एक शब्द बोलल्या नाहीत. नुसता उजवा हात वर केला — तळवा समोर. कुत्री खाली बसली. माणसं गप्प झाली. मागच्या रस्त्यावरचा टेम्पोसुद्धा थांबला! आईशप्पथ. नंतर कळलं, बाई वीस वर्षं वाहतूक पोलिसात होत्या, चौकात उभ्या. टेम्पोवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला असणार.

मग माझ्याकडे आल्या.

"तुमचं कुत्रं?"

"नाहीये."

"मग?"

"मला चावलंय."

वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. पाय बघितला, माझे हात बघितले. म्हणाल्या, "बरं झालं आलात. इथं सगळ्यांना सगळे ओळखीचे झालेत. मला एक परका माणूस हवाच होता."

९ फेब्रुवारी, रविवार

नुसता बाकावर बसलो. तासभर. पळालो नाही, एवढंच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिल्यांदा 'परका' झालो. समोर दातांच्या डॉक्टरीणबाईंची कुत्री — टोपलीत मावेल एवढी, पण तोंड केवढं! बाई माझ्या शेजारी उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या. सरळ चालून जाऊ नका, थोडं तिरकं जा. डोळ्यांत बघू नका. वाकू नका. हात खाली सोडा, तिला येऊ द्या.

कुत्रीने मोठी जांभई दिली. मी म्हटलं, "कंटाळली वाटतं."

"घाबरलीय. तुम्ही घसा खाकरता ना, तसं. पहिल्यापासून सात वेळा खाकरलात."

मोजत होत्या! आणि इकडे मला वाटत होतं, घाबरणारा मी एकटाच. कुत्रीही घाबरलेली, मीही घाबरलेला — दोघं एकमेकांना वाघ समजत होतो.

शेवटी तिने माझी बोटं हुंगली. ओलं, गार नाक. डॉक्टरीणबाई आनंदाने ओरडणार तोच बाईंचा तळवा वर. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई पटकन गप्प!

घरी येऊन बायकोला बोट दाखवलं. म्हणाली, "आता हात धुणार आहात की मढवून ठेवू?"

१६ फेब्रुवारी, रविवार

चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

क्लासला एक नवा कुत्रा आला. तपकिरी, एक कान दुमडलेला. मला चावला तोच! बटण त्याचं नाव. आज कळलं. मालक एक म्हातारे शिंपी, माझ्या भागात नुकतेच राहायला आलेले; सगळे त्यांना शिंपीकाका म्हणायला लागले. घरात ते आणि बटण, बाकी कुणी नाही. मी साध्या कपड्यांत, त्यांनी ओळखलं नाही. तसे ते त्या दिवशी आत मशीनवर शिवत होते, मला नीट बघितलंच नव्हतं. बटणने ओळखलं. पाठीवरचे केस उभे राहिले आणि घशातून तो आवाज.

काका बाईंना सांगत होते, "नगरपालिकेची नोटीस आलीय हो बुधवारी. महिन्याची मुदत. मग पाहणी. परक्या माणसावर धावला तर घेऊन जाणार त्याला. मीटरवाल्याने तक्रार केलीय. त्याचंही बरोबरच आहे म्हणा — चावलाच ना हा. पण का चावला तेच कळत नाही मला. कधी असा नव्हता हो."

बाईंनी एकदा कुत्र्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

पोट दुखतंय सांगून निघून आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कुणी वाचणार नाही हे, म्हणून लिहितो.

त्या दिवशी उशीर झाला होता. हाक मारली नाही, बेल वाजवली नाही. फाटक ढकलून आत गेलो. बटण मीटरखाली झोपला होता. उठला, गुरगुरला. मागे सरकायचं सोडून मी पिशवी गरकन फिरवली. त्याच्या तोंडावर बसली. मशीनसकट. मग तो चावला.

तक्रारीत मी लिहिलं — 'विनाकारण'. आकडे खरे टाकतो म्हणून मिरवत होतो. एक शब्द खोटा टाकला आणि त्या शब्दापायी एका म्हाताऱ्याचं कुत्रं जाणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सगळं सांगितलं बाईंना, क्लास सुरू व्हायच्या आधी. वाटलं होतं, एकतर हाकलतील, नाहीतर 'होतं असं' म्हणतील. दोन्ही नाही.

"अंदाज होता. दुमडलेल्या कानाच्या बाजूने कुणी आलं की मान चोरतो तो. काहीतरी बसलंय तिथे." मग पट्टे सोडवत सोडवत, "पण मला सांगून काय होणार? नगरपालिका सोमवारी उघडते."

माणसाला मऊ बोलणं बाईंना जमत नाही. सगळं मऊपण कुत्र्यांवर खर्च होतं! तरी आज परत येताना हलकं वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नगरपालिकेतला कारकून चक्रावला. "तक्रार वाढवायला येतात लोक. कमी करायला कुणी येत नाही. तुम्हाला कुठला फॉर्म देऊ?" शेवटी कोऱ्या कागदावर लिहून दिलं. घडलं तसं. सही केली. कारकून म्हणाला, पाहणी तरी होणारच, चावा तो चावा.

ऑफिसात साहेबांनाही सांगितलं. लेखी समज मिळाली. बावीस वर्षांतली पहिली. साहेब सही करताना पुटपुटले, "आता खरं बोलायचं सुचलं होय तुम्हाला!" पण कागद माझ्या हातात देताना उभे राहिले.

१ मार्च, शनिवार

काकांना सांगितलं. ते बराच वेळ बटणचा कान चोळत राहिले. मग त्यालाच म्हणाले, "ऐकलंस का? तुझं चुकलं नव्हतं रे राजा." माझ्याकडे बघितलंही नाही. मी समोर उभा. भुई फाटली असती तर बरं.

बाई आल्या. "काका, यांच्यावर रागवायचं तर रागवा. पण पाहणीला अकरा दिवस आहेत आणि बटणला यांच्याइतका परका दुसरा कुणी नाही. हाच माणूस लागणार मला."

काकांनी खिशातून खाऊची पुडी काढली. माझ्या हातावर ठेवली. अजूनही न बघता.

२ मार्च, रविवार

वीस पावलांवरून बारा पावलांवर आलो. खाऊ मी टाकतो, बटण खातो, नजर माझ्यावरून काढत नाही. काकाही काढत नाहीत!

८ मार्च, शनिवार

सकाळी सगळं बिघडलं. गणवेश घालून, पिशवी घेऊन गेलो आणि बटण असा झेपावला की काका पट्ट्यासकट गुडघ्यावर पडले. खरचटलं त्यांना. मी कुंपणाला चिकटलेला. काका रडवेले — "जाऊ द्या हो बाई. नेऊ दे त्याला." मलाही तेच वाटलं. संपलं.

बाई बटणच्या शेजारी जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्याच्या नजरेची रेघ पकडून बघत होत्या. मिनिट गेलं, दोन गेली.

"तो यांना बघतच नाहीये," म्हणाल्या. "खांद्याला बघतोय."

पिशवी!

मग जे केलं ते बघत राहावं असं. पिशवी खुर्चीवर ठेवली, भोवती खाऊ पसरला. बटण दुरूनच. बाई जमिनीवर बसल्या, पाठ फिरवून, जणू काही चाललंच नाहीये. अर्धा तास! बाकीचे मालक आपापली कुत्री घेऊन थांबले, कुणी कुरकुर केली नाही. बटण आला, हुंगून पळाला, पुन्हा आला. मग पिशवी काकांच्या खांद्याला. मग बाईंच्या. एवढी उंच बाई, पण माझ्यासारखी खांदा पाडून, पाय जरा ओढत चालली — हुबेहूब! बायको असती तर हसून लोळली असती. मी असा चालतो हे मला आज कळलं.

शेवटी माझ्या खांद्याला. बटण जागचा हलला नाही. थरथरत होता, पण बसून राहिला.

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पट्टा झिजलाय पिशवीचा. आणा उद्या, शिवून देतो."

९ मार्च, रविवार

पट्टा शिवून मिळाला. दुहेरी टीप.

१२ मार्च, बुधवार

पाहणी. काकांचं घर, सकाळी दहा. नगरपालिकेचा अधिकारी फाटकाबाहेरच, हातात कागद, आत यायचं नाव नाही! बाई रस्त्याच्या पलीकडे. मुद्दाम. म्हणाल्या होत्या, "मी जवळ असले तर तो माझं ऐकेल. काकांचं ऐकायला हवं."

बेल वाजवली. हाक मारली — "मीटर!" आवाज चिरकला. काकांनी तळवा वर केला, बाईंसारखाच. हात खाली आला नाही. बटण बसला.

फाटक. तिरका चालत गेलो. मीटर त्याच्या डोक्यावर दीड हात. पिशवी उघडली, मशीन काढलं. बटणने जांभई दिली. मी घसा खाकरला. दोघांनी एकमेकांना समजून घेतलं!

आकडा वाचला. मशीनवर टाकला. दोनदा तपासला. बाहेर आलो तेव्हा अधिकाऱ्याने सही केली होती. काका बटणच्या गळ्यात पडून काय काय बोलत होते, शिंप्याचं धड एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

बाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, "काकांचा हात बघितलात? कोपर सरळ होतं." बस! स्वतःबद्दल एक अक्षर नाही. असं माणूस मी पाहिलं नाही. ज्याचं श्रेय त्याच्या हातात ठेवतात आणि बूट झटकून चालायला लागतात.

१४ मार्च, शुक्रवार

बहात्तर फाटकं! एकही 'बंद' नाही. त्या आजींनी विचारलं, "बरे आहात ना आता?"

२१ मार्च, शुक्रवार

ऑफिसात नोटीस लागली. सगळीकडे नवे मीटर, आकडे तारेतून आपोआप येणार. पुढच्या महिन्यापासून फिरती बंद, सगळ्या वाचणाऱ्यांना आतलं काम. साडेपाचला सुट्टी. साहेब नजर चुकवत होते.

पटांगणावर जाऊन बाईंना सांगितलं. त्या कुंपणाची तार पिळत होत्या. थांबल्या नाहीत.

"मंगळवार-गुरुवार संध्याकाळी एक वर्ग काढायचाय कधीपासून. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांचा. कुत्री मी बघेन. माणसं कोण बघणार, तेवढंच अडलं होतं."

पक्कड माझ्या हातात दिली. दुसरं टोक मी पिळलं.