सुंगटांच्या पिशवीचा मासा

मालवण, कार्तिक वद्य पंचमी, १९५८

आदरणीय व्याही हरिश्चंद्रराव यांस,

मालवणहून गंगारामचा हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? आम्ही सगळे बरे आहोत. मी तर इतका बरा आहे, की हे पत्र जरा तिखट होणार. मोठ्या मनानं सोसून घ्या. (न सोसलंत तरी पाठवणारच आहे.)

तुमच्या थोरल्या भगिनी लक्ष्मीआत्या गेल्या आठवड्यात इथून तुमच्याकडे रेडीला परतल्या, त्या काय सांगत परतल्या ते आमच्या कानावर आलं. गंगाराम म्हातारपणी भ्रमिष्ट झाला, जाळी विणायची सोडून बाहुल्या शिवत बसतो आणि नातीला कचऱ्यात नि मांजरांत वाढवतो! यातलं मांजरांचं तेवढं खरं आहे. बाकीचं ऐका.

आपली तुळसा दीड वर्षाची झाली. तिला दिसत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही जो निरोप धाडलात तो मी विसरलेलो नाही (पोरीला आजोळीच ठेवा, सूनबाईला तेवढी परत पाठवा). माझी मथुरा तेव्हा काही बोलली नाही. लेकीला पोटाशी धरून मागीलदारी जाऊन बसली. जावईबापू दूर बोटीवर खलाशी, ते पावसाळ्याशिवाय यायचे नाहीत. इकडे पोर बसल्या जागी बसून असायची. रांगेना, हात पुढे करीना. आमची घरकरीण सत्यवती म्हणे, तिच्या अंगात जोर नाही. मी म्हटलं, जोर आहे, पण तिनं जायचं कुठे? तुम्हीआम्ही रांगलो ते समोरचं काहीतरी पकडायला. हिच्यासमोर काही नाहीच.

म्हणून मी खेळणी करायला बसलो. दोन करवंट्या जोडून आत शिंपले घातले, खुळखुळा झाला. गोणपाटावर शिडाचं कापड, काथ्या, सत्यवतीच्या शालूचा तुकडा (तिला अजून कळलेलं नाही, तुम्हीही कळवू नका) आणि सुतार लाकूड घासायला वापरतात ते मुशी माशाचं खरखरीत कातडं शिवलं. तुळसा त्यावरून बोटं फिरवी. शालूवरून सरळ पुढे जाई आणि मुशीपाशी येऊन खुदकन हसे. दर्यावर्द्यांची नात शोभते!

मग एक कापडी मासा शिवला, आत भाताचं तूस भरलं. कापड घेतलं ते एका जुन्या पिशवीचं, आणि त्या पिशवीत पूर्वी सुकी सुंगटं असत (मुंबईकर ज्यांना कोलंबी म्हणतात ती). जन्मभर दर्यावर काढल्यावर माझ्या नाकाला तो वास वास वाटत नाही. मांजरांच्या नाकाचा मी विचार केला नव्हता.

नेमक्या त्याच दिवशी आत्या मथुराला न्यायला आल्या. पडवीच्या टोकाला बसून, चहाची कपबशी हातात घेऊन त्यांनी फर्मावलं, "मथुरा, कपडे बांध. चेडू हयच ऱ्हवांदे." म्हणजे पोरीला इथेच टाकून! तेवढ्यात शेजारपाजारची मांजरं आली. एकानं मासा डोक्याकडून धरला, दुसऱ्यानं शेपटीकडून, आणि ओढाओढीत तो आत्यांच्या मांडीवर येऊन फाटला. तूस आत्यांच्या चहात, तूस आत्यांच्या अंबाड्यात. "गंगारामा, ह्या घर आसा काय मासळीबाजार?" असं त्या ओरडल्या. मी काठी घेऊन धावलो आणि माझा पाय खुळखुळ्यावर पडला. मी एकीकडे, तो दुसरीकडे, खळखळत पडवीच्या टोकाला.

आणि तुळसानं मान वळवली. दोन्ही हात जमिनीवर टेकले. व्याहीबुवा, ती निघाली! त्या आवाजामागे रांगत निघाली, आणि आम्ही सगळे होतो तिथेच खिळलो. खुळखुळा आत्यांच्या पायाशी थांबला होता. पोरीच्या हाताला तो लागायच्या आधी पाऊल लागलं. तिनं आत्यांची जोडवी चाचपली, टाचेच्या भेगांवरून बोट फिरवलं आणि हसली, मुशीच्या कातड्यावर हसते तशीच. (अर्थ तुम्ही काढा, मी काढत नाही.) आत्यांनी पाऊल मागे घेतलं नाही. त्यांनी ते हलवलंसुद्धा नाही.

तेव्हा मथुरा बोलली. "आत्यानू, येतलंय तर चेडवाक घेवन येतलंय. नायतर माका नेव नका."

आत्या दुपारच्या गाडीनं गेल्या. हा भाग त्यांनी तुम्हाला सांगितला नसावा.

तर ऐका. खेळणी मी करणार, आणखी करणार, लोक हसले तर त्यांच्या दारात बसून करणार. मायलेकी रेडीला येतील तर एकत्र, नाहीतर इथे त्यांना भात आहे, मासा आहे आणि मी आहे. याउपर मला निरोप नकोत.

घरच्या थोरांना माझा नमस्कार, पोरांच्या डोक्यावर माझा हात.

तुमचा भ्रमिष्ट व्याही,
गंगाराम

ता. क. पत्र मथुराला मोठ्या जोशात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबानू, तुमका कोणी इचारल्यानी?" लक्ष्मीआत्यांचा निरोप म्हणे कालच आला, चेडवाक घेवन ये म्हणून, आणि ही रविवारच्या गाडीनं निघते आहे, पोर आणि खेळण्यांची टोपली घेऊन. मला कोणी सांगितलंच नव्हतं. तरी वरचं पत्र मी फाडत नाही, मेहनत पडली आहे.

आणखी एक. खुळखुळ्याची दोरी सारखी सुटते आणि ती गाठ मथुराला येत नाही (मी मुद्दाम शिकवलेली नाही). तेव्हा तुमच्या पडवीत माझ्यापुरती एक चटई पडेल का? मी घोरतो, पण तुळसाला तो आवाज आवडतो.